चौथी हाक

हॉरी खोटं बोलण्यात कच्चा होता, आणि त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. साडेतीनशे माणसांच्या बेटावर बासष्ट वर्षं काढल्यावर खोटं बोलायचा सराव राहणार कुठून? इथं कोणी शेजाऱ्याकडून चार अंडी उसनी नेली तरी दुपारच्या आत ती बातमी धक्क्यापर्यंत पोचते. तरीही जूनमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या थंड पहाटे बुटांच्या नाड्या आवळताना, मान वर न करता, तो बायकोला म्हणाला, "क्लेमच्या होडीला रंग द्यायचाय. संध्याकाळ होईल यायला."

थेल्मा चहा ओतत होती. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं.

"होडी रंगवायला खिळ्यांचे बूट?"

"धक्क्यावर शेवाळ झालंय."

"आणि सँडविच तीन?"

"एक क्लेमला."

"क्लेमची बायको मेली वाटतं रात्रीत," थेल्मा म्हणाली, आणि भोपळ्याचे दोन स्कोन, घरी भाजलेले गोडसर पाव, कागदात गुंडाळून तिनं त्याच्या पिशवीत टाकले. मग जरा थांबून म्हणाली, "गुडघ्याला पट्टी बांध. रंगाचा डबा जड असतो."

हॉरीनं निमूट पट्टी बांधली. आपलं खोटं खपलं असं त्याला खरोखर वाटलं. नवरे या बाबतीत फार भोळे असतात.

गेल्या हिवाळ्यात गॉवर डोंगरावरून उतरताना त्याचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. आता डोंगर बंद, असं डॉक्टरनं सांगितलं आणि थेल्मानं डॉक्टरच्या समोरच त्याच्याकडून तसा शब्द घेतला. पस्तीस वर्षं तो सिडनीहून येणाऱ्या पाहुण्यांना गॉवरच्या माथ्यावर नेत होता. ते काम आता त्याचा पुतण्या रेक्स करत होता. हॉरीच्या वाट्याला कोंबड्या आणि परसातली कोबी आली होती. तो कोंबड्यांशी बरा वागे, पण सकाळी दाणे टाकताना त्याचं तोंड दक्षिणेकडे, डोंगराकडे असे.

गॉवर म्हणजे बेटाचं दक्षिण टोक. कधीकाळी समुद्राच्या पोटातून पेटत वर आला आणि मग लाखो वर्षं गार पडून राहिला. काळा, सरळसोट, अठ्ठावीसशे फूट. दहातले आठ दिवस त्याचा माथा ढगात असतो. हिवाळ्यात तिथं पेट्रेल पाखरं अंडी घालायला येतात. एरवी ती समुद्रावर असतात, इथं मात्र माथ्यावरच्या मऊ मातीत बिळं करून राहतात. त्यांची एक खोड आहे. दुपारी ती आभाळात घिरट्या घालत असताना खालून मोठ्यानं हाक मारली, की ती खाली येऊन हाक मारणाऱ्याच्या पायांशी उतरतात. उचलून मांडीवर घेतलं तरी बिचकत नाहीत. हे पाहायला पाहुणे चार तास दोराला धरून चढतात आणि वर पोचल्यावर लहान पोरांसारखे रडतात.

हाका तीनच मारायच्या, हा नियम हॉरीच्या बापानं घातला होता. त्याला कारण होतं. बापाच्या लहानपणी बेटावर जहाज वेळेवर येत नसे, तेव्हा माणसं माथ्यावर जाऊन हाका मारत आणि उतरलेली पाखरं काठीनं मारून पोत्यात भरत. बापानंही भरली होती. म्हातारपणी त्याला त्या पोत्यांची झोपेत आठवण येई. "आपण बोलावलं म्हणून येतात रे ती," तो हॉरीला म्हणे. "तीनदा बोलाव, बघ, आणि गप्प बस. चौथी हाक म्हणजे हाव." बाप गेला, पण नियम राहिला. बेटावरचा कोणताही वाटाड्या चौथी हाक मारत नसे. दक्षिणेचा वारा असला की त्या तीन हाका खालपर्यंत ऐकू येत आणि लोक म्हणत, पोचले बरं का वर.

हॉरीची हाक तर सगळ्यांत लांब जाई. "हूऽऽओ", शेवटी जरा वर उचललेली. लग्नानंतर पहिल्यांदा डोंगरावरून आल्यावर त्यानं थेल्माला विचारलं होतं, "ऐकलीस?"

"काय?"

"माझी हाक."

"कसली हाक? कोंबड्या ओरडत होत्या, तेवढं ऐकलं."

पुढे कधीही विचारलं तरी हेच उत्तर. चूल पेटलेली असते, किटली वाजत असते, कोंबड्या ओरडत असतात. सगळ्या बेटाला जे ऐकू येतं ते हिला ऐकू येत नाही, याचं हॉरीला वाईट वाटे. पुढे पुढे त्यानं विचारणं सोडून दिलं.

शब्द मोडून तो आज निघाला होता तो रेक्समुळे. गेल्या रविवारी चर्चनंतर चहा पिताना रेक्स चारचौघांत म्हणाला, "काका, पाखरांना हाकेबिकेचं काही नसतं. परवा एका पाहुण्याच्या मुलीला जोरात शिंक आली, तर पंधरा उतरली." सगळे हसले. हॉरीही हसला. पण ते त्याच्या मनाला लागलं. पस्तीस वर्षं पाखरं आपल्या हाकेला येतात असं तो धरून चालला होता.

अकरापर्यंत तो वर पोचला. गुडघ्यानं साथ दिली, अगदी शेवटच्या दोराच्या टप्प्यावरसुद्धा. माथ्यावरच्या बुटक्या, शेवाळानं लडबडलेल्या झाडांखाली बसून त्यानं दोन सँडविच खाल्ली आणि वाट पाहिली. बाराच्या सुमारास ढग जरा उचलला आणि वर पंखांची गर्दी दिसली. हॉरी उभा राहिला, टोपी काढली आणि हाक मारली. एक. दोन. तीन.

पाखरं आली. पानांतून धडपडत, फांद्यांना आपटत, धप्पकन एकेक खाली. एक त्याच्या बुटावरच बसलं. हॉरी त्याला म्हणाला, "शिंक म्हणे!" आणि त्याचे डोळे भरून आले.

तिथंच त्यानं पिशवी उचलून परतीची वाट धरली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण हाका मारून झाल्यावर उत्तरेच्या कड्यापाशी जाऊन आपलं घर बघायची त्याची सवय होती. तिथून बेट पायाखाली दिसतं: खाजण, ताडांची बनं, आणि दूर तीन मैलांवर थेल्माच्या चादरी, खडूच्या ठिपक्यांएवढ्या. तो डोंगरावर असला की नेमका हिचा धुण्याचा दिवस असे. आजही चादरी होत्या. ती बाहेर दिसते का म्हणून त्यानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं, आणि बिळांनी पोखरलेली जमीन त्याच्यासकट खाली गेली.

तो फार खोल पडला नाही. दोन पुरुष खाली एक कपार होती, तिच्यात तो अडकला. पण त्याच्याबरोबर एक काळा धोंडा घरंगळत आला आणि त्याच्या उजव्या नडगीवर, एका मुळाच्या पेचात, घट्ट बसला. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. हॉरीला आधी वाटलं, फांदी मोडली.

शुद्धीवर आल्यावर त्यानं हिशेब केला. पिशवी वर, त्यात काडेपेटी, पाणी आणि स्कोन. खिशात रुमाल आणि चाकू. अंगाखाली हातभर कपार, आणि तिच्यापुढे काही नाही, एकदम समुद्र. धोंडा त्यानं दोन्ही हातांनी ढकलून पाहिला, मग खांदा लावून पाहिला, मग त्याला शिव्या दिल्या. मूळ चाकूनं कापायला घेतलं तर पातं मोडलं. साडेपाचला अंधार पडणार होता. ओल्या कपड्यांत जूनची रात्र या कपारीत निघणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण हेच तो पस्तीस वर्षं पाहुण्यांना सांगत आला होता. म्हणजे अंधार पडायच्या आत कोणीतरी निघायला हवं होतं. आणि त्याची बायको तर तो धक्क्यावर होडी रंगवतोय असं समजत होती.

मग तो ओरडला. पोट आत घेऊन, छाती फुगवून, जीव तोडून. "वाचवाऽऽ!" पण एवढ्या उंचीवरून शब्द खाली पोचत नाहीत, नुसता सूर पोचतो. पुन्हा ओरडला. पुन्हा.

आणि पाखरं आली. कपारीवर, धोंड्यावर, त्याच्या पोटावर. एक त्याच्या काखेत शिरलं आणि तिथं घर असल्यासारखं बसलं. हॉरी कण्हला तर आणखी दोन आली. त्याला खोकला आला तर चार आली. मग मात्र त्याला रेक्सचं म्हणणं पटलं. कोणी बोलावतंय, कशासाठी बोलावतंय, पाखरांना काही देणंघेणं नव्हतं. आवाज झाला की यायचं. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते एका खोकल्यात गेलं.

"या," तो म्हणाला. "बसा. मीही कुठे जात नाहीये."

थोडा दम घेऊन त्यानं पुन्हा हाका मारल्या. मग अर्ध्या तासानं पुन्हा. घसा सुकत होता, पाय आधी पेटला होता तो आता बधिर होत होता, आणि ते जास्त वाईट होतं.

एकच्या सुमाराला ढग फाटला आणि त्याला खाली, कड्याच्या पायथ्याशी, होडी दिसली. निळी, पुढच्या टोकाला तांबडा पट्टा. क्लेमचीच. ज्या होडीला तो रंग देत होता ती होडी मासे धरायला आली होती. हॉरीला हसू फुटलं आणि त्याबरोबर पायात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

क्लेम म्हणजे शाळेपासूनचा मित्र. त्याला कळेल. हॉरीनं तोंडाभोवती हात धरले आणि हाका मारल्या. होडीतला ठिपका थांबला. त्यानं वर पाहिलं असावं, कारण मग त्यानं काहीतरी हलवलं, टोपी असावी. आणि कड्याला आपटत आपटत क्लेमचा आवाज वर आला. "हूऽऽओ! हूऽऽओ! हूऽऽओ!" हॉरीची नक्कल. शेवट जरा जास्तच वर उचललेला, कारण क्लेमला कधी धड नक्कल जमली नाही.

मग इंजिन सुरू झालं आणि होडी टोकाला वळसा घालून निघून गेली.

"क्लेम! अरे मूर्खा! गाढवा!" हॉरी ओरडत राहिला, आणि पाखरं उतरत राहिली. त्याला रडू आलं, रागाचं आणि भीतीचं. आजवर त्या डोंगरावर तो कधी घाबरला नव्हता. आता मात्र त्याला स्पष्ट दिसलं की संध्याकाळी क्लेम घरी जाईल, बायकोला सांगेल, "हॉरी चोरून गेलाय वर, मजेत ओरडत होता," आणि दोघं हसतील. बेटावर प्रत्येकानं त्याला ऐकलं असेल. कोणी कोबी खुरपता खुरपता, कोणी सायकलवरून जाताना. आणि प्रत्येकानं मनात म्हटलं असेल, पोचला वर म्हातारा.

क्लेमच्या त्या तीन हाका त्याच्या डोक्यात घोळत राहिल्या. तीन. क्लेमनं तीनच का मारल्या? कारण आपणही तीनच मारल्या होत्या. हॉरी आठवू लागला. पडल्यावर पहिल्यांदा ओरडला तेव्हा? तीनदा, मग दम घेतला. नंतर? तीनदा. त्यानंतर? प्रत्येक वेळी तिसऱ्या हाकेनंतर त्याचं तोंड आपोआप मिटलं होतं. मनात तो वाचवा म्हणत होता, पण तोंडाला बापानं लावलेली सवय होती. आणि क्लेमला त्यानं ज्या शिव्या घातल्या त्या होडी दूर गेल्यावर, बसक्या आवाजात, कोणाला ऐकू न जाण्यासारख्या. म्हणजे दोन तास तो साऱ्या बेटाला ओरडून ओरडून सांगत होता की माझं उत्तम चाललंय.

आभाळ पुन्हा मिटत आलं होतं. छातीवर बसलेलं पाखरू त्याच्याकडे एका डोळ्यानं बघत होतं.

"बाबा," हॉरी मोठ्यानं म्हणाला, "आता मला हाव आहे."

घड्याळात सव्वादोन झाले होते. गुळणा करायला पाणी नव्हतं, म्हणून त्यानं शेवाळ पिळून चोखलं. मग कोपरांवर जेवढं उठता येईल तेवढं उठून उत्तरेकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. एक. दोन. तीन. तिसरीनंतर घसा सवयीनं आवळला गेला. इतकं जड त्याला गेल्या कित्येक वर्षांत काही गेलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि चौथी हाक मारली.

पाखरं पडत होती. त्यानं दम घेतला, आणि पाचवी मारली. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि तोंडात रक्ताची चव आली. सहावीला बराच वेळ गेला. ती निघाली पण तिची शेपटी वर उचलली गेली नाही. सातवीसाठी त्यानं तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. हवाच. काखेतल्या पाखरालाही ऐकू गेलं नसावं, कारण ते हललं नाही.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ढग आत आला, पाऊस सुरू झाला. बारीक, तिरपा, हाडापर्यंत जाणारा. हॉरी तिथं पडून राहिला. आपण शब्द मोडला, खोटं बोललो, आणि शेवटचं जे बोललो ते सँडविचबद्दल, हे त्याला धोंड्यापेक्षा जड वाटत होतं. तीन सँडविचपैकी एक अजून पिशवीत होतं, क्लेमचं.

साडेतीनच्या सुमाराला ढगाला एक भोक पडलं, पळभरच, आणि त्यातून त्याला घर दिसलं. चादरी दोरीवरच होत्या. खालीही पाऊस पडत होता, आणि थेल्माच्या चादरी पावसात भिजत होत्या. हॉरीनं डोळे चोळले. आभाळात हाताएवढा ढग दिसला तरी धुणं आत घेणारी बाई. तिनं चादरी भिजू दिल्या म्हणजे ती घरात नव्हती. मग कुठे गेली? भोक बुजलं. त्यानं त्या चादरींचाच विचार धरून ठेवला, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

पाखरं मात्र गेली नाहीत. पंधरा-वीस तरी त्याच्या अंगावर आणि आजूबाजूला दाटीवाटीनं बसली होती, आणि जिथं ती बसली होती तिथं ऊब होती. थरथर थांबली की माणूस गेला, हे तो पाहुण्यांना सांगत असे. म्हणून तो आपली थरथर तपासत राहिला. दोनदा त्याला झोप आली, दोनदा काखेतल्या पाखरानं चोच मारून उठवलं. उजेड निळा होत होता.

"हॉरीकाका!"

त्याला वाटलं भास झाला.

"काका! हॉरीकाका! कुठे आहात?" वरून, माथ्यावरून, रेक्सचा आवाज. आणि त्याबरोबर धपधप पाखरं उतरल्याचा आवाज, आणि रेक्सच्या शिव्या. "अरे हट! काका! अरे डोक्यावर बसतंय हे! काकाऽऽ!"

हॉरीनं तोंड उघडलं. हवा. त्यानं एक दगड उचलला आणि धोंड्यावर ठोकला. ठोकत राहिला. कड्याच्या काठावर रेक्सचं डोकं दिसलं, त्यावर खरोखर एक पाखरू होतं.

"सापडले!" रेक्स मागे वळून ओरडला. "इकडे या! दोर आणा! पहार आणा!"

दोर धरून तो खाली आला, तेव्हा हॉरीनं त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाला, "ओरडू नकोस. तीन कधीच झाल्या तुझ्या."

रेक्स हसायला गेला आणि रडला. बत्तीस वर्षांचा बाप्या, त्या कपारीत काकाचा हात धरून मुसमुसला.

पहारीनं धोंडा सरकवायला तिघांना घाम फुटला. नडगी मोडली होती. रात्र त्यांनी माथ्यावर ताडपत्रीखाली काढली, शेकोटी करून. हॉरीला एकजण सतत चोळत होता. पिशवीतलं सँडविच रेक्सनं खाल्लं.

"तुम्हाला सांगितलं कोणी?" हॉरीनं विचारलं.

"थेल्माकाकूनं. गावच्या हॉलवर आली सायकल हाणत. आम्ही तिथं छपराचं काम करत होतो. म्हणाली, हॉरी गॉवरवर अडकलाय, निघा. आम्ही म्हटलं, कशावरून? तर सांगेना. तेवढ्यात क्लेमकाका मासे घेऊन आला. तो म्हणाला, आत्ताच तर त्याच्याशी बोललो मी, मजेत आहे. असं म्हणून हसला."

"मग?"

"काकूनं त्याच्या हातातला मासा काढून त्याच्याच थोबाडात मारला. मग कोणी काही विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोरांवरून इंच इंच उतरवत, त्यांनी त्याला खाली आणलं. पायथ्याच्या फाटकाशी अर्धं बेट जमलं होतं. डॉक्टर होता, क्लेम होता, गाल चोळत नव्हता पण तसाच चेहरा करून. थेल्मा सायकल धरून फाटकाला टेकून उभी होती. तिच्या अंगावर कालचाच झगा होता. ती पुढे आली, पायाला बांधलेल्या काठ्या पाहिल्या, घोंगडी नीट केली.

"झाला रंग देऊन?" ती म्हणाली.

हॉरीनं तिचा हात धरला. डॉक्टर सुई भरत होता, बाकीचे चहाकडे वळले होते.

"थेल्मा," तो कुजबुजला, कारण त्याहून मोठा आवाज निघतच नव्हता. "तुला ऐकू येतं."

"कोंबड्या ओरडत होत्या."

"किती?"

ती बराच वेळ घोंगडीची कड खालीवर करत राहिली.

"बाराला तीन," ती शेवटी म्हणाली. "म्हटलं, पोचला लबाड. घरात आले. मग परत तीन. म्हटलं, पाहुण्यांसमोर मिरवतोय. पण पाहुणे काल कोणी गेलेच नव्हते वर. तेव्हापासून मी दोरीपाशीच उभी होते. पस्तीस वर्षं तीन मोजल्याशिवाय मी आत गेलेली नाही, आणि काल मोजून झाल्या तरी जाववेना." तिनं नाक ओढलं. "चौथी आली तेव्हा उशीचा अभ्रा हातात होता, तो तिथंच टाकला. पाचवी रस्त्यात. सहावी हॉलच्या पायरीवर."

हॉरीनं तिची बोटं घट्ट धरली.

"मग हे दोर शोधायला लागले, पहार शोधायला लागले, आणि मी पायरीवर उभी राहिले. सातवीची वाट बघत. तास झाला. पाऊस आला. सातवी आली नाही."

"आवाज बसला होता गं."

"मला काय माहीत, आवाज बसला होता की..." तोंड फिरवून ती डोंगराकडे बघत राहिली. माथा ढगात होता.

हॉरीनं घसा खाकरला. खूप दुखलं. मग ओठ गोल करून, फुटक्या, खरखरीत, जेमतेम हातभर अंतरावर पोचणाऱ्या आवाजात त्यानं हाक मारली, आणि शेवटी जराशी वर उचलली.

"सात," थेल्मा म्हणाली. पदराला पुसावेत तसे तिनं झग्याच्या बाहीला डोळे पुसले, सायकल वळवली, आणि त्याच्या डोक्याशी चालू लागली.